एक टेबल, एक पुस्तक, दोन शिक्षक

पहिल्या महायुद्धात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लष्करी प्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना युद्धामागची कारणे शिकवली जात. युद्ध संपल्यावर 1919 मध्ये त्यातूनच समकालीन संस्कृतीचा नवा अभ्यासक्रम आला. तो प्रथम वर्षाला सक्तीचा होता. छोट्या वर्गात वाचायचे आणि बोलायचे, ही त्याची रीत. 

खरी रंगत आणली तिथलेच प्राध्यापक जॉन अर्स्किन यांनी. 1920 मध्ये त्यांनी वरच्या वर्गांतील निवडक विद्यार्थ्यांसाठी दर आठवड्याला एक अभिजात ग्रंथ ठेवला. संध्याकाळी टेबलाभोवती दोन तास चर्चा, आणि शिक्षक दोन, म्हणजे त्यांचेही आपसांत मतभेद व्हावेत! आठवड्यात होमर कसा कळणार, असा सहकाऱ्यांचा आक्षेप होता. हे ग्रंथ मुळात सामान्य वाचकांसाठीच लिहिलेले आहेत, असे अर्स्किन यांचे म्हणणे. ते पटण्यासारखेच आहे. अठरा वर्षांच्या मुलाला टिपणे उतरवण्यापेक्षा स्वतःचे मत चारचौघांत मांडून ते खोडले जाताना पाहणे अधिक शिकवते.

त्यांचा विद्यार्थी मॉर्टिमर ॲडलर याने 1930 मध्ये ही पद्धत शिकागो विद्यापीठात नेली. 1937 मध्ये कोलंबियाने साहित्याचा असाच वर्ग प्रथम वर्षाला सक्तीचा केला. तो आजही चालतो.

त्याच्या वाचनयादीत पहिली लेखिका, जेन ऑस्टिन, यायला मात्र 1985 साल उजाडले.