वाळूने लिहिलेले अस्सल साधन : तबकडीच्या कंपनांची १२२ वर्षे

१/ अस्सल साधन म्हटले की शिक्का-मोर्तबाचा जुना कागद आपल्या डोळ्यांपुढे येतो. आजचे साधन मात्र वाळूने उमटवलेले आहे. ते १७८७ साली प्रसिद्ध झाले आणि त्याचा अर्थ पुरता लागायला १९०९ साल उजाडले. प्रश्न साधा होता : धातूची तबकडी वाजते, तेव्हा ती नेमकी कशी हलते?

२/ अर्न्स्ट क्लाड्नी हा जर्मनीतील विटेनबर्गचा. शिक्षण कायद्याचे, ओढ नादशास्त्राची. पातळ पत्र्यावर वाळू पसरून तो त्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढी. पत्रा जिथे हले तिथून वाळू उडे आणि जिथे स्थिर राही त्या रेषांवर साचे. या निस्पंद रेषांच्या आकृत्या त्याने लाइपझिग येथे ग्रंथरूपाने छापल्या.

३/ गोल तबकडीवर मुख्यतः दोन तऱ्हेच्या रेषा दिसतात : केंद्रातून जाणारे व्यास आणि केंद्राभोवतीची वर्तुळे. एक वर्तुळ वाढल्याने स्वर जितका चढतो, साधारण तितकाच तो दोन व्यास वाढल्याने चढतो, हे क्लाड्नीने हेरले. नियम हाती आला, कारण कळेना.

४/ तबल्याची पुडी ताणलेली असते. तो ताण तिला पूर्वस्थितीत खेचतो. थाळीला असा ताण नसतो. वाकलेला धातू स्वतःच्या ताठपणाने सरळ होऊ पाहतो. हे गणित बरेच अवघड आहे आणि त्याचे योग्य समीकरण त्या काळी कोणापाशीच नव्हते.

५/ १८०९ साली क्लाड्नीने नेपोलियनपुढे प्रयोग करून दाखवला. त्यानंतर पॅरिसच्या विद्वत्संस्थेने या आकृत्यांची गणिती उपपत्ती देणाऱ्यास पारितोषिक जाहीर केले. १८११ च्या मुदतीत एकच निबंध आला, सोफी जर्मेनचा. एकोल पॉलितेक्निकचे दार स्त्रियांना बंद होते. तेथील व्याख्यानांची टिपणे मिळवून आणि ‘लब्लाँ’ या पुरुषी नावाआड राहून ती शिकली होती.

६/ निबंधात चुका होत्या. पण तिच्याच गृहीतकावरून लाग्रांजने योग्य समीकरण काढले. तिने १८१३ साली दुसऱ्यांदा आणि १८१५ साली तिसऱ्यांदा प्रयत्न केला. जानेवारी १८१६ मध्ये पारितोषिक मिळाले, तेव्हाही परीक्षकांचे पुरते समाधान झालेले नव्हते. समारंभाला ती गेली नाही.

७/ कडेचा पेच तरीही उरला. मोकळ्या कडेसाठी प्वासाँने तीन अटी मांडल्या होत्या. १८५० साली २६ वर्षांच्या किरखॉफने दोनच पुरतात हे दाखवून गोल तबकडीचे उत्तर काढले. केंद्रापासूनचे अंतर आणि कोन यांचा हिशेब वेगवेगळा करता येतो, ही वर्तुळाची कृपा. मोकळ्या धातूच्या तबकडीचे पहिले तीन स्वर साधारण १ : १.७३ : २.३३ या प्रमाणात येतात. तारेचे १ : २ : ३ असतात. थाळीचा खणखणाट सुरात का बसत नाही, ते यावरून कळते.

८/ मोकळ्या कडांच्या चौरस पत्र्यावर ही सोय नाही. लांबी आणि रुंदी यांचा हिशेब तिथे वेगळा होत नाही, म्हणून नेमके उत्तर सूत्रात मांडता येत नाही. क्लाड्नीच्या चौरस आकृत्या आणखी सुमारे ६० वर्षे तशाच पडून राहिल्या.

९/ मग आला स्वित्झर्लंडचा वाल्टर रिट्झ, क्षयाने खंगलेला तरुण. कडा पक्क्या बसवलेल्या पत्र्याच्या प्रश्नावर त्याने पॅरिसच्या अकादमीकडे निबंध पाठवला होता. १९०७ चे ते पारितोषिक इतरांना मिळाले. त्याची पद्धत १९०८ साली छापून आली.

१०/ पद्धत अशी : अज्ञात आकार हा काही परिचित, सोप्या आकारांचे मिश्रण आहे असे माना आणि ऊर्जेच्या हिशेबावरून मिश्रणाचे प्रमाण ठरवा. अवघड विकलक समीकरणाच्या जागी साधी बीजगणिती समीकरणे येतात, आणि ती हाताने सोडवता येतात. १९०९ साली रिट्झने चौरस पत्र्याचे स्वर व रेषा काढल्या. त्या क्लाड्नीच्या नोंदींशी उत्तम जुळल्या.

११/ त्याच वर्षी ७ जुलै रोजी गॉटिंगेन येथे, वयाच्या ३१ व्या वर्षी तो वारला. १९११ साली लॉर्ड रॅले यांनी लिहिले, की ही पद्धत रिट्झला नवी वाटावी याचे आश्चर्य वाटते. ती आपण पूर्वीच वापरली आहे. उत्तर द्यायला रिट्झ नव्हता. आज दोघांची नावे जोडूनच घेतली जातात.

१२/ पत्र्याचे लहान तुकडे करून प्रत्येकावर हाच विचार लावला, की संगणकावरची ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धत होते. हे नाव १९६० साली रूढ झाले. बाजूला छिद्र असलेली किंवा जाडी बदलती असलेली तबकडी आता अशीच सोडवतात. आणि नवी आज्ञावली खरी की खोटी हे पाहण्यासाठी अभियंते तिला आधी साधी गोल तबकडी सोडवायला देतात, कारण तिचे उत्तर ठाऊक आहे.

१३/ जर्मेनची उपपत्ती अपुरी ठरली, प्वासाँच्या अटी बदलल्या, रिट्झचा निबंध डावलला गेला. या सर्वांचा निवाडा ज्या नोंदींवर झाला, त्या मात्र १७८७ पासून छापील पानांवर होत्या. साधन नीट नोंदवून ठेवावे, अर्थ लावणारा पुढे येतो, हे आपण दप्तरांबाबत म्हणतो. वाळूच्या बाबतीतही तेच घडले.