संगणक आणि धंदा: एका खानदेशी पदवीची गोष्ट

माझ्या पीएच.डी.चा विषय विचारला की मी ‘खानदेशातल्या विनाअनुदानित अभ्यासक्रमांचा इतिहास’ असं सांगते, आणि समोरच्याचा चेहरा पडतो. म्हणून हल्ली वेगळं सांगते. जळगाव किंवा धुळ्यात कोणत्याही रिक्षास्टँडवर उभं राहा आणि कॉलेजच्या पोराला विचारा, ‘काय शिकी ऱ्हायना, भाऊ?’ उत्तर बीसीए, बीबीए, बीएमएस, एमसीए यांपैकी काही तरी येईल. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला असता तर बीबीएम किंवा एमसीएम ऐकू आलं असतं. नावं वेगवेगळी, पण सगळ्यांत एकच जोडी आहे: थोडा संगणक आणि थोडा धंदा. ही जोडी जुळवली कोणी, आणि ती आपल्याकडेच इतकी का रुजली, याचा शोध हा माझ्या प्रबंधाचा एक धडा आहे. आजचा लेख त्या धड्याबद्दल.

सुरुवात संगणकापासून न करता वहीपासून करावी लागते. जळगावचा दाणाबाजार, डाळमिल, तेलगिरण्या, सराफकट्टा, रावेर-यावलची केळी, धुळ्याचा कापूस या सगळ्याचा हिशेब रोजकीर्दीत आणि खतावणीत लिहिला जायचा. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. वर्ष दिवाळीला सुरू व्हायचं आणि दिवाळीला संपायचं. 1989 पासून आयकरासाठी सगळ्यांचं हिशेबी वर्ष एप्रिल ते मार्च असं एकच झालं. वहीपूजन मात्र अजूनही दिवाळीलाच होतं. हे काम करणारा मुनीम कॉलेजात शिकलेला असण्याची गरज नव्हती. त्याला माल कळायचा, माणूस कळायचा आणि हिशेब कळायचा, आणि त्याच्या डोक्यात या तिन्ही गोष्टी वेगळ्या नव्हत्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता संगणकाकडे. मोठ्या संगणकांचा पहिला उपयोग शास्त्रज्ञांनी केला हे खरं, पण त्यांचा खप वाढवला तो पगारपत्रकांनी, बिलांनी आणि साठ्याच्या याद्यांनी. 1959 साली अमेरिकेत ‘कोबोल’ या भाषेचं काम सुरू झालं. तिच्या नावातच ‘बिझनेस’ आहे. नव्वदच्या दशकात ज्यांनी या भागात संगणकाचा कोर्स केला त्यांना कोबोल आठवत असेल: चार डिव्हिजन, ठरलेल्या रकान्यातच सुरू होणाऱ्या ओळी, आणि वाक्याच्या शेवटी टिंब विसरलं की त्रुटींची माळ. रुपये-पैसे लिहिण्याची तिची रीतही मजेशीर. रुपयांचे पाच आकडे, पैशांचे दोन, आणि मध्ये एक ‘व्ही’, म्हणजे दशांशचिन्ह इथे आहे असं समजायचं, ते साठवायचं नाही. मुनिमाला ही कल्पना पटकन समजली असती असं मला नेहमी वाटतं.

भारतात ही जोडी पदवीच्या रूपात आली ती 1980 च्या सुमारास. 1978 पर्यंत आयबीएमने देशातला कारभार गुंडाळला होता. देशी कंपन्या संगणक बनवायला पुढे येत होत्या, आणि ते चालवायला माणसं नव्हती. आयआयटीतून संगणकशास्त्राचे अभियंते निघू लागले होते, पण मूठभर. शिवाय एखाद्या गिरणीच्या किंवा बँकेच्या कचेरीत बसून तिथलं काम समजून घेण्यात त्यांना फारसा रस नव्हता. प्राध्यापक व्ही. राजारामन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने यावर एक वेगळा उपाय सुचवला: कोणत्याही शाखेचा पण गणित येणारा पदवीधर घ्यायचा, त्याला तीन वर्षं शिकवायचं, आणि त्यातले शेवटचे सहा महिने उद्योगात काढायला लावायचे. हीच एमसीए. सुरुवातीच्या एमसीएत प्रोग्रॅमिंगच्या जोडीला हिशेबशास्त्र होतं, संघटन-व्यवस्थापन होतं, ऑपरेशन्स रिसर्च होतं. म्हणजे मशीन आणि कचेरी या दोघांच्या मधे उभा राहणारा माणूस घडवायचा होता. संगणक येणारा मुनीमच म्हणा ना.

पुणे विद्यापीठाने याच्या शेजारी आणखी एक वाट काढली. व्यवस्थापन शाखेत मार्केटिंग, पर्सोनेल यांच्या रांगेत ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ आणून बसवलं: एमसीएम. जळगाव आणि धुळ्याची कॉलेजं तेव्हा पुणे विद्यापीठाखाली होती, त्यामुळे हे नाव इकडेही पोचलं. आज नव्या मुलांना ते सांगितलं तर ‘एमसीए म्हणायचंय का तुम्हाला?’ असं विचारतात.

इथे अमळनेरची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मला नको असलं तरी प्रत्येक सेमिनारमध्ये कोणी तरी ती काढतंच.

29 डिसेंबर 1945 रोजी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना अमळनेरला उभा राहिला. भुईमूग जवळ, सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग दारात, आणि प्रताप मिलमुळे कारखानदारीची सवय असलेलं गाव. वनस्पती तूप आणि त्यातून उरणाऱ्या मालाचा कपडे धुण्याचा साबण, हा धंदा. 1966 साली हाशम प्रेमजी वारले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून परत आले. पुढे नाव आखडून ‘विप्रो’ झालं, आणि 1980-81 च्या आसपास कंपनी संगणकात उतरली. अमळनेरच्या अनेक कुटुंबांनी जुन्या काळी घेतलेले शेअर जपून ठेवले आणि त्यांचं काय झालं, ही कथा तुम्ही ऐकलीच असेल.

ही कथा सांगून लोक म्हणतात, ‘बघा, देशाची आयटी खानदेशातून सुरू झाली.’ मी इतिहासाची विद्यार्थिनी असल्याने मला इथे थोडं वाईटपण घ्यावं लागतं. तेल अमळनेरला गाळलं गेलं, पण संगणक बंगळुरूला बनला. कारण अभियंते, प्रयोगशाळा आणि भारतीय विज्ञान संस्था तिथे होती. भांडवल आणि धंद्याची शिस्त इथली असेल, संगणक शिकलेलं मनुष्यबळ इथलं नव्हतं, कारण तेव्हा ते इथे घडतच नव्हतं. मला ही गोष्ट अभिमानापेक्षा पुराव्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची वाटते. एकाच कंपनीत तूप आणि संगणक दोन्ही होते, आणि तरी ते दोन वेगळ्या गावांत राहिले. राजारामन समितीला जी दरी बुजवायची होती, ती इथे नकाशावर दिसते.

मग खानदेशात हे शिक्षण आलं कसं? याचं उत्तर ज्ञानात कमी आणि पैशात जास्त आहे. 1983 साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जळगावजवळ बांभोरीचं अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच लाटेतलं. तत्त्व सोपं होतं: सरकार पगार देणार नाही, संस्थेने फीमधून भागवायचं. पुढे हेच तत्त्व पारंपरिक कॉलेजांत शिरलं. कला-वाणिज्य-विज्ञान अनुदानित, आणि त्याच इमारतीच्या मागच्या मजल्यावर ‘सेल्फ फायनान्स’. तिथे काय सुरू करायचं? केमिस्ट्रीची प्रयोगशाळा महाग पडते. संगणकाची प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, काही मशीन, स्टॅबिलायझर आणि चपला बाहेर काढण्याची सूचना. वाणिज्याचे शिक्षक कॉलेजात होतेच. संगणकाला एक-दोन तरुण मुलं तासिका तत्त्वावर मिळायची. संगणक आणि धंदा ही जोडी एखाद्या कॉलेजला सुरू करायला सगळ्यांत स्वस्त जोडी होती. हे वाचून शिक्षक मित्र रागावतील, पण ताळेबंद हेच सांगतो. तासिका तत्त्वावरचे तेच तरुण पुढे वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावरच राहिले, हेही त्याच ताळेबंदात आहे.

15 ऑगस्ट 1990 रोजी पुणे विद्यापीठातून वेगळं होऊन जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू डॉ. एन. के. ठाकरे हे गणितज्ञ. जळगाव आणि धुळे हे दोनच जिल्हे (नंदुरबार 1 जुलै 1998 ला वेगळा झाला), म्हणजे विद्यापीठ लहान. याचा परिणाम असा की अभ्यासक्रम इथेच बनू लागले आणि निकालासाठी पुण्याकडे बघणं थांबलं. याच विद्यापीठात पुढे बीबीएम (ई-कॉमर्स), बीएमएस (ई-कॉमर्स), एमएमएस (कॉम्प्युटर मॅनेजमेंट) अशी नावं दिसतात. ‘ई-कॉमर्स’ या शब्दावरूनच काळ ओळखता येतो. 2000 साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला, 2001 साली एमकेसीएल आणि एमएस-सीआयटी आली. त्या दिवसांत ‘ई’ लावलं की काहीही नवं वाटायचं. आज त्याच पदवीधराला नोकरीच्या मुलाखतीत ‘ही नक्की कशाची डिग्री?’ याचं उत्तर द्यावं लागतं. पुण्याकडे बीबीए (सीए) झालेल्यांची तऱ्हा तर त्याहून न्यारी. तो ‘सीए’ म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन, चार्टर्ड अकाउंटंट नव्हे, हे नातेवाइकांना समजावण्यात तीन वर्षं जातात.

या नावांच्या घोळामागे एक खरा प्रश्न आहे. हा अभ्यासक्रम विज्ञानाचा की वाणिज्याचा? 2016 च्या विद्यापीठ कायद्याने ‘विज्ञान व तंत्रज्ञान’ आणि ‘वाणिज्य व व्यवस्थापन’ या दोन वेगळ्या विद्याशाखा केल्या. मधे उभ्या राहणाऱ्या माणसासाठी बनलेली पदवी कोणत्या तरी एका खुर्चीवर बसवावी लागली. वाणिज्यात बसली तर प्रोग्रॅमिंग पातळ होतं, विज्ञानात बसली तर हिशेबशास्त्राचा पेपर आधी कमी होतो आणि मग गायब होतो. तीन वर्षांच्या एमसीएची 2020-21 पासून दोन वर्षं झाली.

गंमत म्हणजे ज्या सॉफ्टवेअरने जळगावच्या बाजारातली वही खरोखर बदलली, ते अशा कोणत्याच पदवीतून आलं नाही. 1986 साली श्यामसुंदर गोएंका या व्यापाऱ्याला आपल्या धंद्याचा हिशेब ठेवायला बरं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा गणित शिकलेल्या त्यांच्या मुलाने, भरत गोएंका यांनी ते लिहिलं. पुढे त्याला ‘टॅली’ हे नाव मिळालं. माल कळणारा बाप आणि मशीन कळणारा मुलगा एकाच घरात होते. आमच्याकडे मात्र शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत बघा: लायब्ररी मॅनेजमेंट, मेडिकल स्टोअर, हॉस्पिटल मॅनेजमेंट. केळीचा भाव, घडाची रास, गाडीचं भाडं, व्यापाऱ्याकडची उधारी, इतका गुंतागुंतीचा व्यवहार रावेर-सावद्याला रोज चालतो. त्यावरचा प्रकल्प हाती लागला की मी तो दोनदा वाचते, कारण तो क्वचितच लागतो.

शेवटचं वळण अगदी ताजं आहे. 2024-25 पासून एआयसीटीईने बीसीए, बीबीए, बीएमएस आपल्या अखत्यारीत घेतले आणि राज्यात या प्रवेशांसाठी सीईटी आली. जागा एक लाखाहून जास्त, आणि मे महिन्यातल्या पहिल्या सीईटीला बसलेले विद्यार्थी पन्नास हजारांच्या आत. पुष्कळांना सीईटी आहे हेच कळलं नाही. ऑगस्टमध्ये ती पुन्हा घ्यावी लागली. काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदलून बी.कॉम.ची एखादी उपशाखा केली, म्हणजे परीक्षा नको आणि मान्यताही नको. पुन्हा नवं नाव!

पण याच जुलैत दुसरी एक गोष्ट झाली. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं शिक्षणशुल्क माफ करण्याचा निर्णय सरकारने घेतला. चोपडा, पारोळा, साक्री, शिरपूर अशा ठिकाणी बसने जाऊन-येऊन शिकणाऱ्या मुलींसाठी हा फरक मोठा आहे. ज्या अभ्यासक्रमाने सीईटी टाळायला नाव बदललं, तिथल्या मुलीला तो कॅपमधून मिळतच नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर कोणतं नाव आहे यावर तिची फी ठरते. विद्यापीठाला 2018 पासून नाव आहे ते ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचं. त्यांच्या लेकी-नातींना आता पदवीच्या नावातला फरक वाचता येणं भाग आहे.

हा धडा अजून अपुरा आहे, आणि तो तुमच्याकडच्या कपाटावर अडलाय. नव्वदच्या दशकातली माहितीपुस्तिका, एमसीएमचा अभ्यासक्रम, फी भरल्याची पावती, कोबोलची जर्नल, कोडिंग शीट, डीबेसचा प्रकल्प अहवाल यांपैकी काही घरात असेल तर रद्दीत घालू नका. कॉलेजांची स्वतःची दप्तरं बऱ्याच ठिकाणी इमारत बदलताना गेली. फोटो चालेल, पण शक्यतो पुस्तिकेचं पहिलं पान आणि फीचं पान दोन्ही पाठवा. फीचं पान लोक हमखास विसरतात.