अडलेल्या दाराचा शंभर वर्षांचा हिशेब

अमेरिकेतल्या उपनगरात गॅरेजचं दार उघडेनासं झालं की तपासणीचा क्रम ठरलेला असतो. आधी रिमोटचे सेल पाहायचे, मग भिंतीवरचं बटण, त्याच्या शेजारचं 'लॉक' चुकून दाबलं गेलंय का ते, मग छताला टांगलेल्या मोटरला वीज पोचतेय का, आणि हे सगळं ठीक निघालं तर शेवटी दारावरची स्प्रिंग. सोप्याकडून अवघडाकडे जाणारा हा व्यवहारी क्रम आहे. पण तो उलट्या दिशेने वाचला तर या दाराचा इतिहास हाती लागतो: स्प्रिंग १९२१ची, मोटर १९२६ची, रिमोटचा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतरचा, आणि रिमोटमधले सांकेतिक अंक त्याच्याही नंतरचे. प्रत्येक पिढीने दार उघडण्याचे कष्ट कमी केले आणि ते करताना दार अडण्याचं एक नवं कारण त्याला जोडून दिलं. शिवाय ही कारणं मालकाच्या नजरेपासून आणि हातापासून दर वेळी थोडी अधिक दूर गेली. दार बिघडतं हे नवं नाही. ते का बिघडलं हे घरमालकाला कळेनासं झालं, ही या शतकाची खरी गोष्ट आहे.

मोटारी आल्या तेव्हा त्या घोडागाडीच्या जुन्या पागेतच ठेवल्या जात. त्या पागांना बिजागऱ्यांवर फिरणारी, बाहेर उघडणारी लाकडी दारं असत. पावसाने लाकूड फुगे, वजनाने झडप खाली ओघळे, आणि हिवाळ्यात दारापुढे साचलेला बर्फ उपसल्याशिवाय गाडी बाहेर निघत नसे. कारण मात्र डोळ्यांसमोर असायचं आणि त्यावरचा उपाय फावडं किंवा रंधा असायचा. १९२१ साली सी. जी. जॉन्सन यांनी आडव्या पट्ट्यांचं, रुळांवरून वर सरकून छताखाली आडवं होणारं दार बनवलं आणि बर्फाचा प्रश्न मिटवला. या रचनेची किमया वजनात आहे. दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार सहज शंभर किलोंच्या घरात जातं, तरी ते एका हाताने उचलता येतं, कारण दारावरच्या दांड्याला पिळून बसवलेली स्प्रिंग जवळजवळ सगळा भार पेलते. पाच वर्षांनी जॉन्सन यांनीच विजेची मोटर आणली. ही मोटर वजन उचलण्यासाठी नव्हती. तोलून धरलेलं दार नुसतं हलवण्यासाठी होती.

हा फरक मालकाला दिसत नाही आणि नेमकी तिथेच गफलत होते. स्प्रिंग तुटताना गॅरेजमधून मोठा धडाका ऐकू येतो. नंतर बटण दाबलं की मोटर घुरघुरते, दार चार बोटं वर येतं आणि थांबतं. मालक म्हणतो, मोटर गेली. वर पाहिलं तर स्प्रिंगच्या वेटोळ्यांत दोनतीन बोटांची फट पडलेली असते. आता कोणी म्हणेल की मग कारण दूर कुठे गेलं? ते तर दारावरच आहे, आणि दार अडण्याचं हे आजही नेहमीचंच कारण आहे. हे खरं आहे. साध्या स्प्रिंगचं आयुष्य दहा हजार उघडझापींचं धरतात; दिवसातून चार वेळा दार वापरलं तर ती सातएक वर्षं टिकते. पण सोय वाढली म्हणूनच वापर वाढला. महायुद्धानंतरच्या घरांत गॅरेज घराला चिकटलं आणि पुढचा दरवाजा पाहुण्यांपुरता उरला. दार हाताने उचलणाऱ्याला स्प्रिंग सैल पडत चालल्याचं रोज मनगटात कळत असे. मोटर आल्यावर ती जाणीव गेली आणि जुन्या बिघाडावरही पडदा पडला.

रेडिओने कारण थेट हवेत नेलं. सुरुवातीच्या रिमोटना वेगळी ओळख नसे, त्यामुळे शेजाऱ्याच्या बटणाने आपलं दार उघडे. त्यावर आठ ते बारा छोट्या खटक्यांचा संकेत आला. बारा खटक्यांचे ४०९६ संकेत होतात. हे किती तोकडं होतं ते २०१५ साली सॅमी कामकार या सुरक्षा-संशोधकाने दाखवलं: मॅटेल कंपनीच्या एका खेळण्यात फेरफार करून त्याने असं दार दहा सेकंदांच्या आत उघडलं. त्याच्या आधीच, १९९०च्या दशकात, दर वेळी बदलणारे संकेत आले होते. दार सुरक्षित झालं, पण रिमोट आणि मोटर यांची मोजणी चुकली तर मालकच परका ठरू लागला. दुसरीकडे २००४ साली फ्लोरिडातल्या एग्लिन हवाई तळाच्या आसपास अनेकांचे रिमोट एकाएकी निकामी झाले. सैन्याने नवी रेडिओ यंत्रणा चालू केली होती, आणि तिच्या ३८० ते ४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातच ३९० मेगाहर्ट्झवरचे रिमोट चालत होते. तो पट्टा सरकारी वापराचा, रिमोट विनापरवान्याचे. नियमाप्रमाणे व्यत्यय सोसायचा होता तो घरमालकांनी. दारात, मोटरीत, रिमोटात कुठेही दोष नव्हता, तरी दार उघडत नव्हतं.

त्याच वर्षी बदलत्या संकेतांवरच्या एका वादाचा न्यायालयात निकालही लागला. चेंबरलेन कंपनीच्या बदलत्या संकेतांच्या दारांना चालेल असा रिमोट स्कायलिंक कंपनीने विकायला काढला, तेव्हा चेंबरलेनने १९९८च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याचा आधार घेऊन दावा लावला. फेडरल सर्किट न्यायालयाने तो फेटाळला. मालकाने दार विकत घेतलं आहे, त्यातलं सॉफ्टवेअर वापरायचा अधिकार त्याला आहे, असा त्या निकालाचा आशय. निकाल मालकाच्या बाजूने लागला हे चांगलंच. पण आपलं दार कोणत्या रिमोटने उघडावं हा प्रश्न कॉपीराइटच्या खटल्यात सुटावा लागला, हे त्याहून बोलकं आहे.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की ही गुंतागुंत काही हौसेने आलेली नाही. बंद होणाऱ्या दाराखाली चिरडून लहान मुलं दगावत होती. म्हणून १९९०च्या अमेरिकन कायद्याने १ जानेवारी १९९३पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांना जास्तीची सुरक्षा सक्तीची केली. जमिनीपासून जेमतेम सहा इंचांवर, दाराच्या दोन्ही बाजूंना बसवलेले प्रकाशडोळे तेव्हापासून सर्वत्र दिसू लागले. आज कोळ्याचं जाळं आडवं आलं तरी दार मिटायचं नाकारतं, आणि त्या नकारावर चिडण्यात अर्थ नाही. जुनं दार बरं होतं असं म्हणणं म्हणजे त्या मुलांना विसरणं होय. पण सुरक्षेची एक बाजू सांभाळताना दुसरी उघडी राहिली. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर कॅलिफोर्नियात वणवे पेटले, वीज गेली, आणि काही वृद्ध माणसांना गॅरेजचं दार उघडता न आल्याने जीव गमवावा लागला. त्यानंतर झालेल्या कायद्याने १ जुलै २०१९पासून त्या राज्यात विकल्या जाणाऱ्या दारयंत्रांना राखीव बॅटरी बंधनकारक केली.

मोटरीपासून दार सोडवणारी लाल दोरी असतेच की, असं इथे म्हणता येईल. असते, पण दोरी असणं आणि धुराने भरलेल्या अंधारात ती ओढून दार उचलता येणं यांत अंतर आहे, आणि अशक्त हातांसाठी ते फार मोठं आहे. बॅटरीचा कायदा योग्यच आहे, मात्र तोही एका सोयीवर दुसरी सोय चढवतो. दाराची ओळख मालकाला करून देत नाही. ती त्याने स्वतः करून घ्यायची आहे. कॅलिफोर्नियात, न्यू जर्सीत वा अन्यत्र गॅरेजच्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी महिन्यातून एकदा एवढं करावं: दार पूर्ण मिटलेलं असताना लाल दोरी ओढावी आणि ते हाताने कमरेइतकं उचलून हलकेच सोडून पाहावं. तिथेच थांबलं तर तोल ठीक आहे. जड लागलं किंवा खाली घसरलं तर मोटरीला दोष देऊ नये, आणि स्प्रिंगला स्वतः हात लावू नये. ताणलेली स्प्रिंग हात मोडू शकते. ते काम कारागिराचंच आहे. आणि घरात वडीलधारी माणसं असतील तर हे दार त्यांना एकट्याने उघडता येतं का, हे त्यांच्याच हातून एकदा करवून पाहावं.