बाखनें मुलासाठीं केलेली वही

वाद्य शिकूं लागलेल्या मुलाचा आरंभींचा उत्साह फार दिवस टिकत नाहीं, हा घरोघरचा अनुभव आहे. नवी पेटी घरांत आली म्हणजे मूल चार दिवस तिच्यापासून हलत नाहीं. पुढें तेच पलटे पुनःपुन्हां घोटावे लागले कीं त्याचें लक्ष अंगणांतील खेळाकडे जाऊं लागतें. अशा वेळीं गुरूनें सक्ती करावी, कीं शिकवणेंच सोडून द्यावें? जर्मनीच्या एका थोर संगीतकारानें या प्रश्नाचें उत्तर आपल्या मुलाच्या वहींत लिहून ठेविलें आहे.

योहान सेबास्टियन बाख याचा जन्म १६८५ सालीं आइझेनाख येथें झाला. तो नऊ वर्षांचा असतां आई वारली आणि वर्ष उलटण्यापूर्वींच वडीलही गेले. पोरका झालेला मुलगा ओर्ड्रुफ येथें ऑर्गनवादक असलेल्या थोरल्या भावाकडे आला. बाखच्या मृत्यूनंतर १७५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या चरित्रलेखांत त्या काळची एक गोष्ट दिली आहे. भावापाशीं नामांकित रचनाकारांच्या कृतींची एक वही होती. मुलानें कितीही विनवण्या केल्या तरी ती त्याला मिळेना. तेव्हां कपाटाच्या जाळींतून हात घालून तो ती रात्रीं बाहेर काढी आणि चांदण्यांत बसून उतरून घेई. सहा महिन्यांनीं नक्कल पुरी झाली. पण भावाला सुगावा लागला आणि त्यानें तीही काढून घेतली.

हाच मुलगा पुढें क्योथेनच्या राजदरबारीं संगीतप्रमुख झाला. २२ जानेवारी १७२० रोजीं त्यानें आपला थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याच्यासाठीं एक कोरी वही लिहावयास घेतली. मुलाचें वय नऊ वर्षें होतें. आरंभीं स्वरलेखनाच्या खुणा, मग स्वरालंकारांचा तक्ता, मग कोणतें बोट कोणत्या पट्टीवर ठेवावें हें दाखविणारी लहानशी रचना, आणि पुढें क्रमाक्रमानें अवघड होत जाणाऱ्या कृति, अशी तिची मांडणी आहे. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत, बाख राजाबरोबर परगांवीं असतां, फ्रीडेमानची आई वारली. ज्या वयांत बाप आईला मुकला होता, त्याच वयांत मुलगाही मुकला. वहींतील लेखन मात्र त्यानंतरही चालू राहिलें.

बाखच्या मुलांकडून माहिती मिळवून फोर्केलनें १८०२ सालीं त्याचें चरित्र लिहिलें. त्यांत त्याच्या अध्यापनाची रीत सांगितली आहे. नव्या शिष्याला कित्येक महिने केवळ बोटांचे पाठ करावे लागत. परंतु त्याचा धीर सुटूं लागला असें दिसतांच बाख तेच पाठ गुंफून एखादी गोड, लहानशी रचना तयार करी. नवी कृति शिकविण्यापूर्वीं ती स्वतः वाजवून दाखवी. म्हणजे आपल्याला कोठें पोंचावयाचें आहे हें मुलाच्या कानाला आधींच कळे.

फ्रीडेमानच्या वहींतील अशाच पंधरा दोनस्वरी व पंधरा तीनस्वरी रचना बाखनें १७२३ सालीं सुधारून स्वतंत्र ग्रंथांत लिहिल्या. आजही त्या जगभर शिकविल्या जातात. वहीचीं कांहीं पानें मुलाच्या स्वतःच्या हस्ताक्षरांत आहेत; बापाच्या कित्त्याखालीं तो स्वतः रचना करूं पाहत होता. १७३३ सालीं ड्रेस्डेन येथें ऑर्गनवादकाचें पद त्याला मिळालें. उत्तरायुष्य त्यानें ओढगस्तींत काढलें, तरी त्याच्या आयत्या वेळच्या वादनाची कीर्ति कायम राहिली. ती वही आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयांत जतन केलेली आहे.

बाखनें मुलाचे कष्ट वांचविले नाहींत. त्या कष्टांतून संगीत ऐकूं येईल एवढेंच पाहिलें. वही हिरावली गेल्याचें दुःख त्यानें बालपणीं सोसलें होतें. पण तें दुःख म्हणजेच शिस्त, असा समज त्यानें पुढल्या पिढीच्या माथीं मारला नाहीं. घोटलेला पलटा एके दिवशीं गाणें होतो, हें ज्या मुलाला लवकर कळतें, त्याला सरावाला बसवावें लागत नाहीं.