रस्त्याकडेचे हात

मराठीत ‘बघ्या’ हा शब्द कोणी कौतुकाने वापरत नाही. भर रस्त्यात मारहाण झाली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘लोकांनी बघ्याची भूमिका घेतली’ हे वाक्य ठरलेले. प्रेक्षक तिकीट काढून बसतो, त्याच्याकडून कोणाची काही अपेक्षा नसते. बघ्याने मात्र काहीतरी करायला हवे होते, ते त्याने केले नाही, हा ठपका शब्दातच आहे. ट्रायथलॉन बघायला रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या माणसाला यातले काय म्हणावे, हा प्रश्न मला अनुवादक म्हणून पडतो. उत्तर काळानुसार बदलत गेले आहे.

२५ सप्टेंबर १९७४ रोजी सॅन डिएगोच्या मिशन बे इथे जॅक जॉनस्टोन आणि डॉन शॅनहन यांनी धावणे, सायकल आणि पोहणे एकत्र करून पहिली स्पर्धा घेतली. वार बुधवार, वेळ संध्याकाळची, स्पर्धक ४६. शेवटचे काही जण पाण्यात असतानाच अंधार पडला. तेव्हा काठावर मोटारी आणून त्यांचे दिवे पाण्यावर रोखले. ज्या स्पर्धेतून हा सगळा खेळ निघाला, ती काठावरच्या माणसांवाचून पूर्णच झाली नसती.

त्या ४६ जणांत जॉन आणि ज्युडी कॉलिन्स हे जोडपे होते. पुढे हवाईला गेल्यावर त्यांनीच १९७८ मध्ये पहिली ‘आयर्नमॅन’ भरवली: ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल, वर पूर्ण मॅरेथॉन. १५ जण निघाले, १२ पोचले. वाटेत पाण्याची सोय आयोजकांकडे नव्हती. प्रत्येकाने आपली माणसे बरोबर आणायची, त्यांनीच खायला-प्यायला द्यायचे. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या माणसांजवळचे पाणी संपले, तेव्हा त्यांनी त्याला बियर पाजली. यातल्या कोणाला बघ्या म्हणणार?

स्पर्धा मोठी झाली, नियम आले, आणि रस्त्याकडेचा हात हळूहळू मागे घेतला गेला. बाहेरच्या माणसाची मदत घेतली की स्पर्धक बाद. कारण रास्तच आहे: ज्याची माणसे जास्त, त्याला फायदा जास्त. मॅरेथॉनने हा धडा फार आधी घेतला होता. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शेवटच्या फेरीत पुन्हा पुन्हा कोसळणाऱ्या दोरांदो पिएत्रीला पंचांनीच उठवून रेषेपार नेले. त्याचे सुवर्णपदक गेले; दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने त्याला वेगळा चषक दिला. (ग्रीकमध्ये ‘आथ्लॉस’ म्हणजे झुंज आणि ‘आथ्लॉन’ म्हणजे तिचे बक्षीस. पिएत्रीच्या बाबतीत दोन्हींची फारकत झाली.)

फेब्रुवारी १९८२ मध्ये हवाईत ज्युली मॉस आघाडीवर होती. रेषा अगदी जवळ आल्यावर तिचे पाय गेले. कॅथलीन मॅकार्टनी पुढे निघून गेली आणि जिंकली. मॉस रांगत रांगत, अवघ्या २९ सेकंदांनी पोचली. टीव्हीवर ते दृश्य पाहून हजारो लोक या खेळाकडे वळले. बोलणे सगळे तिच्या जिद्दीबद्दल होते. मला त्या चित्रफितीत तिच्या दोन्ही बाजूंची माणसे दिसतात: हात लांबवला तर पोचेल इतक्या अंतरावर, आणि त्या हातांचे काय करावे ते न कळणारी.

गोव्यातली आयर्नमॅन ७०.३ ही २०१९ साली मिरामारला सुरू झाली. अंतरे निम्मी, नियम तेच. मी बघायला गेले त्या वर्षी, उन्हे चढल्यावर, एक तरुण आमच्यासमोर पोटरी धरून खाली बसला. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी पिशवीतून बाटली काढली. “घे रे पुता, उदक घे,” त्या म्हणाल्या. स्वयंसेवक मुलीने त्यांना हाताने थांबवले. तिचाही चेहरा उतरला होता. वारीच्या वाटेवर कोणी असे अडवले असते तर लोक अंगावर धावून गेले असते. इथे आम्ही वीसेक जण गप्प उभे राहिलो. पाणी मिळण्याची अधिकृत जागा तिथून दिसत होती, पण त्याला तिथवर जायचे होते.

त्याने छातीवरच्या नंबराखाली नाव लावले होते. कोणीतरी ते मोठ्याने वाचले, मग सगळ्यांनी. तेवढे नियमात बसत होते. दोनतीन मिनिटांनी तो उठला आणि लंगडत निघाला. आजीबाई बाटली हातात धरूनच त्याच्या बाजूने, फुटपाथवरून, थोडे अंतर चालत गेल्या.