दाबाखालचे द्रव्य

प्रखर उष्णतेने ताऱ्यांतील अणूंचे इलेक्ट्रॉन कसे सुटे होतात, हे मेघनाद साहा यांनी १९२० साली गणिताने दाखवून दिले. अलाहाबादेत त्यांचे शिष्य झालेल्या दौलतसिंह कोठारी यांना पुढे वेगळाच प्रश्न पडला: उष्णता मुळीच नाही, केवळ दाब आहे, तर?

कोठारी १९३४ साली दिल्ली विद्यापीठात आले. पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे ३६ लाख वातावरणांइतका दाब असतो. त्या काळच्या कोणत्याही प्रयोगशाळेला त्याचा दशांशही साधत नसे. हाती उरली ती लेखणी. अणू एकमेकांत दडपले गेले की कोणता इलेक्ट्रॉन कोणत्या केंद्रकाचा, हा भेदच मावळतो; मात्र मोकळे झालेले इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, म्हणून ते दाबाला प्रतिकार करतात. या विचारावर उभारलेला दाबजन्य आयनीभवनाचा सिद्धांत त्यांनी १९३८ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर मांडला. त्यातून निघालेला निष्कर्ष मला आजही विलक्षण वाटतो. थंड गोलाचा आकार गुरू ग्रहाच्या आसपासच थांबतो. त्यात आणखी द्रव्य घातले, तर तो वाढण्याऐवजी आक्रसू लागतो! ग्रह आणि श्वेत लघुतारे अशा रीतीने एकाच सूत्रात आले.

मात्र दडपलेल्या द्रव्यात केंद्रके कोणत्या मांडणीने उभी राहतात, म्हणजे स्फटिक कोणता, हे त्या गणिताला सांगता येत नव्हते. अमेरिकेत विग्नर आणि हंटिंग्टन यांनी १९३५ साली हायड्रोजनपुरते ते धाडस केले. अडीच लाख वातावरणांच्या दाबाखाली त्याचा धातू होईल, असे त्यांचे भाकीत होते. पुढे कळले की दाब त्याच्या कितीतरी पट हवा. याचे कारण, दोन मांडण्यांच्या ऊर्जेतील फरक फार सूक्ष्म असतो. भरल्या गाडीसकट वजन करून त्यातल्या चिमूटभर मोहरीचा हिशेब लावण्यासारखेच ते.

हा हिशेब संगणक आल्यावर शक्य झाला. मुंबईजवळ तुर्भे येथे, भाभा अणुसंशोधन केंद्रात, सिक्का, व्होरा व चिदंबरम् यांनी टायटॅनियम आणि झिर्कोनियम यांच्या दाबाखालील 'ओमेगा' रूपाचा कसून अभ्यास केला. त्यांचा विस्तृत आढावा १९८२ साली प्रसिद्ध झाला. टायटॅनियमचे पुढचे रूप घनाकृती असावे, असे गणित सुचवीत होते. परंतु ११ लाखांहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली एक निराळेच, 'गॅमा' रूप आढळले. २००१ साली ते जाहीर करणाऱ्यांत अलाबामा विद्यापीठातील योगेश व्होरा होते. तुर्भ्याचेच ते व्होरा.