तबल्यावर केशव साठे

२३ ऑक्टोबर १९६७, सोमवार. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागातील फिलिंगेन या गावी ‘साबा’ कंपनीच्या स्टुडिओत एक तबकडी मुद्रित झाली. तिचे नाव ‘जॅझ मीट्स इंडिया’. पियानोवर होती इरेन श्वाइत्सर, स्वित्झर्लंडच्या शाफहाउजेनची, तेव्हा २६ वर्षांची. निर्माते होते जॅझचे विख्यात अभ्यासक योआखिम-एर्न्स्ट बेरेंट. वादकांच्या यादीत तबल्यापुढे नाव आहे केशव साठे, आणि मराठी वाचकाची नजर तिथेच अडते. हे साठे तिथे कसे पोहोचले? तबकडीच्या नावावरून वाटते की जॅझवाल्यांची गाठ थेट भारतातून आलेल्या कलावंतांशी पडली असावी. उपलब्ध नोंदी मात्र वेगळी वाट दाखवतात.

आधी मुखपृष्ठ पाहू. त्यावर दोन त्रिकुटे बरोबरीने छापली आहेत. पहिले श्वाइत्सरचे; त्यात बासवर उली ट्रेप्टे आणि ड्रम्सवर मानी नॉयमायर. दुसरे सतारवादक दिवाण मोतीहार यांचे. त्यात तबल्यावर साठे आणि तानपुऱ्यावर कुसुम ठाकूर. यांशिवाय ट्रम्पेटवर मानफ्रेड शूफ आणि सॅक्सोफोनवर फ्रान्सचा बार्ने विलें. म्हणजे पियानोवादिकेने रंगापुरता एक तबलजी बोलावला, असा हा मामला नाही. भारतीय वादक स्वतःचा संच घेऊन, स्वतःच्या नावाने आले होते. एवढे निश्चित.

आता स्थळ. तबकडीवर तीनच रचना आहेत आणि त्यांतल्या एकीचे नाव आहे ‘ब्रिगाख अँड गँजेस’. गंगा सर्वांना ठाऊक आहे. ब्रिगाख ही फिलिंगेनवरून वाहणारी लहानशी नदी. पुढे डोनाउएशिंगेनजवळ ती ब्रेग नदीला मिळते आणि दोघींची डॅन्यूब होते. हे शीर्षक मुद्रणस्थळाला दुजोरा देते. डोनाउएशिंगेनला दर ऑक्टोबरात समकालीन संगीताचा मोठा उत्सव भरतो आणि ते गाव फिलिंगेनपासून पंधराएक किलोमीटरवर आहे. उत्सवासाठी जमलेल्या मंडळींना सोमवारी स्टुडिओत आणले गेले असावे, असे वाटते. महिना, वार आणि अंतर यांवरून केलेला हा माझा तर्क आहे, त्याला तर्काइतकेच वजन द्यावे.

लेबलही बोलते. १९६८मध्ये या ध्वनिमुद्रणाच्या धंद्याचे नाव बदलून ‘एमपीएस’ झाले. त्यामुळे ज्या प्रतीवर ‘साबा’ छापले आहे ती आरंभीची, आणि ‘एमपीएस’ छापलेली नंतरची. संग्राहकाला काळ ठरवायला हा पुरावा पुरेसा आहे.

साठ्यांचा माग मात्र जर्मनीत लागत नाही. तो लागतो लंडनमध्ये. १९२८ साली मुंबईत जन्मलेले साठे १९५६मध्ये इंग्लंडला गेले. १९६६मध्ये तिथे ‘इंडो-जॅझ सूट’ ही तबकडी आली. तिचे सूत्रधार दोन: जमैकाहून आलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि कलकत्त्याचा संगीतकार जॉन मेयर. तिची यादी फिलिंगेनच्या यादीशेजारी ठेवा. सतार मोतीहार, तबला साठे. तीच जोडी. तानपुऱ्यावर मात्र दुसरे नाव आहे, चंद्रहास पैगांका. शेवटचा ‘र’ इंग्रजी छपाईत गळाला असावा आणि मूळ आडनाव गोव्याच्या पैंगीण गावाशी जोडलेले असावे, असा माझा अंदाज आहे.

आडनावांचा पुरावा जपूनच वापरावा लागतो. रत्नागिरीकडच्या वाचकाला ‘साठे’ हे नाव ओळखीचे वाटेल. पण अण्णाभाऊ साठे सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे. नुसत्या आडनावावरून मूळ गाव ठरवता येत नाही.

दोन याद्या जुळल्या की मधला काळ उजळतो. फिलिंगेनला येण्याआधी साठ्यांनी ट्रम्पेट, पियानो आणि ड्रम्स यांच्या शेजारी बसून वाजवलेले होते. हा सराव का मोलाचा, ते वाद्यांवरूनच कळते. तानपुरा एकच षड्ज धरून ठेवतो आणि तबला त्याच सुरात लावलेला असतो. जॅझचा पियानो एरवी सुरावटींचे आधार सतत बदलत जातो. तानपुरा वाजत असताना त्याला बराच काळ एका स्वराभोवती राहावे लागते, आणि पियानोतून मींड निघत नाही म्हणून ते काम सतारीकडे जाते. लयीचा प्रश्न आणखी अवघड. तबलजी समेवर येण्यासाठी आवर्तन मोजतो, तर मुक्त जॅझचा ड्रमवादक ठोका मोकळा सोडतो. या दोहोंच्या मध्ये बसायला केवळ उत्तम तबला येऊन भागत नाही. समोरच्याची शिस्त कानात मुरलेली असावी लागते, आणि ती साठ्यांनी लंडनमध्ये कमावली होती.

पुढच्या नोंदी याला बळ देतात. नॉयमायर आणि ट्रेप्टे १९६८मध्ये ‘गुरु गुरु’ हा रॉक संच काढून वेगळ्या वाटेला लागले. श्वाइत्सर युरोपच्या मुक्त जॅझमधली अग्रणी पियानोवादिका झाली. २०२४मध्ये ती वारली. साठे मिलाफाच्या कामातच राहिले. १९७२च्या ‘मॅजिक कार्पेट’वर तबला त्यांचा, आणि गिटारवादक जॉन रेनबर्नच्या १९७७च्या ‘अ मेड इन बेडलॅम’वर इंग्रजी लोकगीतांनाही त्यांचीच साथ. एकदोन प्रसंगांपुरता बोलावलेला पाहुणा अकरा वर्षांत चार निरनिराळ्या संचांच्या याद्यांत सापडत नाही. २०१२मध्ये साठे गेले.

तेव्हा ‘जॅझ मीट्स इंडिया’ या नावात एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. जॅझ आणि भारत यांची भेट त्या सोमवारी पहिल्यांदा झाली नाही. ती लंडनमध्ये आधीच झाली होती आणि फिलिंगेनला तिचा पुढचा टप्पा मुद्रित झाला. त्या भेटीचा ताल सांभाळणारा माणूस मुंबईचा होता. मराठी संगीतेतिहासात परदेशी गेलेल्या साथीदारांची नोंद फार त्रोटक आहे. तिथे केशव साठे यांच्यासाठी स्वतंत्र परिच्छेद हवा, आणि तो लिहिण्यापुरता पुरावा या चार तबकड्यांच्या वेष्टनांवर छापलेला आहे.